‘बॅलन्सिंग म्हणजे टायरवाल्यांची लूट’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्याभरात तीन ग्रुपवर मला एकच मेसेज आला. त्यातला मजकूर थोडक्यात असा : चाकांचं बॅलन्सिंग ही टायरवाल्यांची लूट आहे. एवढ्या जड चाकाला वीस-तीस ग्रॅमने काय होतं? अलाइनमेंट केलं की पुरे. जुन्या गाड्यांना हे कुठे लागायचं? नवी गाडी कंपनीतूनच बॅलन्स होऊन येते, आणि नायट्रोजन भरला की प्रश्नच मिटला. माझ्या मेहुण्याने हे वाचून चार नवे टायर बॅलन्सिंगशिवाय बसवून घेतले. दोन लहान मुलांना घेऊन तो समृद्धीवरून नागपूरला निघणार होता. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

बॅलन्सिंग म्हणजे चाक मशीनवर फिरवून त्याची कुठली बाजू जड आहे ते शोधायचं आणि रिमवर काही ग्रॅमची छोटी वजनं चिकटवून तो फरक भरून काढायचा. आधी ग्रॅमचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. चाक उभं असताना तीस ग्रॅम म्हणजे खरंच काही नाही. पण चाक फिरायला लागलं की ते वजन बाहेरच्या बाजूला ओढ देतं, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट, तर ओढ चौपट. पंधरा इंची रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक असेल, तर ताशी ४० किलोमीटरला ती ओढ जेमतेम पाऊण किलो वजनाएवढी असते. १०० ला ती पाच किलोच्या आसपास जाते आणि समृद्धीवरच्या १२० च्या मर्यादेला सात किलोच्या. शंभरच्या वेगाला चाक सेकंदाला चौदा-पंधरा वेळा फिरतं. म्हणजे तेवढ्याच वेळा ते पाच किलो चाकाला वर उचलतात आणि खाली आपटतात. शहरात गाडी नीट वाटते आणि ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागतं, ते यामुळेच.

याचा सुरक्षिततेशी संबंध काय, असंही मेसेजमध्ये विचारलंय. गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो टायरच्या तळहाताएवढ्या भागापुरता. चाक उड्या मारत असेल तर त्या भागावरचा दाब सारखा कमी-जास्त होतो, आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबायची वेळ आली तर नेमकी तेव्हा पकड कमी पडू शकते. टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजतो. बेअरिंग, बॉल जॉइंट, शॉकअब्सॉर्बर लवकर ढिले होतात. बॅलन्सिंग चुकलं म्हणून गाडी लगेच उलटते असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. पण मला जास्त काळजी वाटते ती सवयीची. थरथर ‘नेहमीचीच’ म्हणून अंगवळणी पडली, की ढिला नट, वाकलेली रिम किंवा टायरच्या बाजूला आलेला फुगवटा हेसुद्धा तशाच थरथरीतून इशारा देत असतात आणि आपण तो ऐकतच नाही.

अलाइनमेंट हे वेगळं काम. त्यात चाकांचे कोन जुळवतात. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायरची एकच कड झिजत असेल, तर अलाइनमेंट बघा. थरथर असेल तर बॅलन्सिंग. पुढच्या चाकात दोष असेल तर तो बहुधा स्टेअरिंगमध्ये जाणवतो, मागच्या चाकात असेल तर सीटमध्ये.

जुन्या गाड्यांचं उत्तर वरच्या हिशोबातच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला. त्याआधी खंडाळ्याच्या जुन्या घाटातून पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडर किती वेळ शंभरने पळायची? पन्नासच्या वेगाला ओढ शंभरच्या चौथा हिस्सा असते.

नवी गाडी बॅलन्स होऊन येते हे खरं आहे, पण ती तशी राहत नाही. टायर झिजतो. रिमला चिकटवलेलं वजन खड्ड्यात गळून पडतं. पंक्चरसाठी टायर रिमवरून उतरवून परत चढवला की त्याची जागा बदलते, आतून पॅच लावला तर त्याचंही वजन येतं. आणि चिखल! गणपतीला गावी जाऊन आलो तेव्हा परतीच्या वाटेवर ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग हातात ठरेना. टायरवाल्याने पुढचं उजवं चाक काढून उलटं केलं, तर अलॉयच्या आतल्या बाजूला लाल मातीचा तळव्याएवढा पोपडा वाळून बसला होता. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला तेव्हा तो अख्खा निघाला. चाक धुऊन मशीनवर चढवलं, झाकण खाली केलं, चाक फिरून थांबलं. आकडे आले आत १०, बाहेर ५. तेवढी वजनं चिकटवून पुन्हा फिरवलं आणि दोन्हीकडे शून्य आलं. घरी येताना स्टेअरिंग शांत होतं.

नायट्रोजनबद्दल एवढंच : वायू टायरमध्ये सगळीकडे सारखा पसरतो, रिमवरचा एका जागचा जडपणा तो कसा भरून काढणार?

लुटीच्या आरोपात मात्र थोडं तथ्य आहे. काही जण जुनी वजनं न काढता त्यांवर नवी चिकटवतात, चिखल तसाच ठेवतात आणि ग्रॅमवर पैसे लावतात. म्हणून मशीनजवळ उभे राहा. जुनी वजनं आधी काढायला सांगा, चाक स्वच्छ करून घ्या, शेवटी शून्य आलेलं स्वतः बघा. एका चाकाला ऐंशी-शंभर ग्रॅम लागतायत असं दिसलं तर नुसती वजनं लावू देऊ नका. टायर रिमवर थोडा फिरवून बसवायला सांगा आणि रिम वाकली आहे का ते तपासून घ्या. नवे टायर बसवल्यावर, टायर रिमवरून उतरवल्यावर, थरथर जाणवल्यावर आणि एरवी साधारण दहा हजार किलोमीटरनंतर हे काम करावं. चार चाकांना काही शे रुपये आणि अर्धा-पाऊण तास लागतो.

मेहुणा निघायच्या आदल्या संध्याकाळी जाऊन करून आला. त्याच्या मागच्या डाव्या चाकाला ५५ ग्रॅम लागले.