'दावं कापा आणि निघा' हा मेसेज पुढं पाठवायच्या आधी एवढं वाचा

गेल्या आठ दिवसांत तोच मेसेज मला तीनदा आलाय, एकदा गल्लीच्या ग्रुपवर, एकदा डेअरीच्या ग्रुपवर आणि एकदा आमच्या आत्याकडून, जिच्या गोठ्यात दोन दुभत्या म्हशी आहेत आणि दारात एक कुत्रं आहे. मेसेज मोठा आहे, थोडक्यात सांगतो. पुराची तयारी करताना आधी माणसं मग जनावरं, कुत्र्या-मांजरांचा प्लॅन करणं हे शहरातल्या श्रीमंतांचं खूळ, पाणी आलं की दावं कापा आणि निघा, जनावराला पोहता येतंय आणि धोकाही आधी कळतोय, कुत्री-मांजरं काळजी केंद्रात (पूर आला की लोकांना ठेवतात तिथं) नेली की रोग पसरतात, बोटीत जागा अडते, आणि जनावर गेलंच तर सरकार भरपाई देतंय. खाली हात जोडलेले आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, आत्याचा तर नक्कीच. पण मी वेदगंगेच्या काठावर राहतो, निपाणी तालुक्यात, २०१९ चा पूर बघितलाय, २०२१ चा बघितलाय, आणि या मेसेजप्रमाणं वागलं तर जनावरांबरोबर माणसंही धोक्यात येतील असं मला मनापासून वाटतंय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

'आधी माणसं, मग जनावरं.' एकच जीव वाचवता येणार असेल तर तो माणसाचाच, यात वाद नाही. पण प्रत्यक्षात असं दोन रांगा लावून काही होत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीतले एक तात्या, वय सत्तरच्या पुढं, पाणी अंगणात आलं तरी निघायला तयार नव्हते, गोठ्यात गाभण म्हैस आणि सोप्यात म्हातारं कुत्रं. पोरं म्हणत होती तात्या चला की, आणि तात्या म्हणायचे तुम्ही व्हा पुढं, हिला कुठं ठेवू तेवढं सांगा मग येतो. त्याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं, कारण कुणी कधी ठरवलंच नव्हतं. शेवटी रात्री, लाइट गेलेली, कमरेएवढ्या पाण्यातनं चार पोरांनी म्हैस वरच्या आळीला नेली, एकाच्या पायात पत्रा घुसला, त्याला टाके पडले, आणि मग कुठं तात्या कुत्र्याला काखेत घेऊन बाहेर आले. तीच म्हैस आदल्या दिवशी सकाळी कोरड्या रस्त्यानं चालत दहा मिनिटांत गेली असती. म्हणजे त्या घरात माणसाला बाहेर काढायचा रस्ता म्हशीवरनंच जात होता आणि आपल्या भागात निम्म्या घरांत तो तसाच जातोय.

आणि मला त्याहून जास्त भीती वाटते ती परत जाणाऱ्यांची. माणूस एकदा सुरक्षित जागी पोचला म्हणजे झालं असं मेसेज लिहिणाऱ्याला वाटलं असणार, पण दुभती म्हैस दोन वेळा पिळावी लागते, दूध तुंबलं की कास सुजते, दगडी होते, म्हणून गडी सकाळ-संध्याकाळ पाण्यातनं गोठ्याकडं जातोय. कुणी कुत्र्याला भाकरी टाकायला जातोय, कुणाची लेक मांजर राहिलं म्हणून रडतीय तर बाप माळ्यावर हुडकायला जातोय. पाणी वाढत असताना केलेली ती एक फेरीच सगळ्यात धोक्याची. जनावर आपल्याबरोबर असेल तर ती फेरी मारायचं कारणच राहत नाही.

हे फक्त आपल्याकडं आहे असंही नाही. अमेरिकेत २००५ साली कतरिना वादळ आलं तेव्हा बचाव करणारे माणसांना न्यायचे आणि कुत्री-मांजरं मागं ठेवायला सांगायचे, त्यामुळं कितीतरी लोक निघालेच नाहीत, नंतरच्या एका सर्व्हेत घर न सोडलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांनी पाळीव प्राणी सोडवेनात हे कारण सांगितलं. पुढच्याच वर्षी, २००६ ला, तिथं कायदा झाला की सरकारी आपत्ती प्लॅनमध्ये पाळीव प्राणी धरायलाच पाहिजेत. माणसं वाचावीत म्हणून केलेला तो कायदा आहे.

'जनावराला पोहता येतंय.' म्हैस पोहते, बैल पोहतो, गावठी कुत्रं पण बऱ्यापैकी पोहतंय, हे खरंय. पण तळ्यात पोहणं वेगळं आणि पुराच्या ओढीत, वाहत येणारी झाडं, पत्रे, तारांचं कुंपण आणि पाण्याखाली गेलेला ऊस यातनं पोहणं वेगळं. थकवा येतो, थंडी लागते, काठ कुठं आहे ते कळत नाही. आणि निपाणी-चिकोडीत काय, बेळगावात काय, आता घरोघरी पग आहेत, डॅशहाउंड आहेत, आखूड पायाची, बसक्या नाकाची कुत्री, त्यांना साध्या पाण्यात पण धड पोहता येत नाही. शेळी तर ओढीला टिकतच नाही. मांजर पोहायच्या भानगडीत पडत नाही, ते घाबरलं की वर चढतं, माळ्यावर, कौलाखाली, आणि तिथंच अडकतं.

'धोका आधी कळतो.' आवाज, वास, हादरा त्यांना आपल्या आधी जाणवतो, कुत्रं बेचैन होतंय हे आपण सगळ्यांनी बघितलंय. पण कळलं तरी साखळीला बांधलेलं कुत्रं करणार काय, आणि मोकळं असलेलं मांजर त्या वेळी कॉटखाली जाऊन बसतंय, बाहेर येतच नाही. आपल्या नदीचा धोका जनावरापेक्षा आपल्यालाच जास्त आधी कळतो. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर हे वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णेवरचे बंधारे पाण्याखाली गेले की दुसऱ्या दिवशी पेपरला येतंय, कोयनेतनं किती सोडलं, राजापूर बंधाऱ्यावरनं किती क्युसेक येतंय हे मोबाईलवर दिसतंय, आणि कोयनेचं पाणी सांगली, नरसोबावाडी करत आपल्याकडं यायला वेळ घेतंय. कृष्णाकाठाला म्हणून तेवढी सवड तरी असते. बेळगावात बळ्ळारी नाल्याकडंला किंवा खानापूर भागात ती मिळत नाही, तिथं पाऊस लागून राहिला की लगेच हलायला लागतंय. आमच्या घरात आता ठरलंय, जवळचा बंधारा बुडाला की जनावर हलवायचं, अंगणात पाणी यायची वाट बघायची नाही.

'दावं कापा.' या एका मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य केलं पाहिजे. काहीच उपाय राहिला नाही, पाणी चढतंय, तर बांधलेलं जनावर तसंच ठेवून जाऊ नका, दावं सोडा, साखळी काढा, गोठ्याचं दार उघडून ठेवा. बांधून ठेवलेल्याचं काय होतंय ते पूर ओसरल्यावर ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. पण तो अगदी शेवटचा उपाय झाला, मेसेजमध्ये तो पहिला म्हणून सांगितलाय, तिथंच चुकतंय. सवड असताना जनावर सोडून देणं म्हणजे कुत्री कळपानं फिरणार, मेलेलं खाणार, चावणार, म्हशी हायवेवर येणार. आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराचे उपाशी-तहानलेले हाल होतील अशा स्थितीत त्याला सबळ कारणाशिवाय सोडून देणं हा गुन्हा आहे.

'काळजी केंद्रात रोग पसरतात.' या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण लोक यालाच सगळ्यात जास्त घाबरतात आणि भीती अगदीच खोटी नाही. (आधी त्याला गंजी केंद्र म्हणायचे, आता काळजी केंद्र म्हणतात, आणि हा शब्द कन्नडात पण तोच आणि मराठीत पण तोच, मला फार आवडतो.) रेबीज आहे, लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस आहे, खरज आहे. पण रेबीजचं इंजेक्शन झालेलं, पट्टा घातलेलं, मालकाशेजारी बसलेलं कुत्रं जास्त धोक्याचं, का सोडून दिल्यावर चार दिवस उपाशी फिरून परत आलेलं? लेप्टो मुख्यतः उंदरांच्या मुतानं पुराच्या पाण्यात पसरतो, कुत्रं घरी ठेवलं म्हणून तो थांबत नाही, उलट कुत्र्यांच्या वर्षाच्या एकत्रित लसीत बऱ्याचदा लेप्टोची लस पण असते, डॉक्टरांना विचारून घ्या. म्हणजे भीतीवरचा इलाज मे महिन्यातली लस आहे. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा म्हणजे केंद्रात कुणी विचारलं तर दाखवता येईल. गुरांना घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी द्यायची, ती सरकारी पशु दवाखान्यात मिळते.

केंद्रात माणसांच्या खोलीत जनावर न्या असं मी म्हणत नाहीच. लहान पोरं असतात, कुणाला दमा असतो, कुणाला कुत्र्याची भीती असते, त्यांचाही हक्क आहे. शाळेचा व्हरांडा, सायकल स्टँड, एखादं रिकामं गोदाम, वेगळी जागा आणि तिथं आळीपाळीनं घरातलं एकजण, एवढं पंचायतीत जूनआधी बोलून ठेवलं तर होण्यासारखं आहे. चावलंच कुणाला तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. आणि एक, केंद्रातला भात-आमटी कुत्र्या-मांजराला घालू नका, त्यातला कांदा-लसूण त्यांना बाधतो. मांजराला ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी तर अजिबात नको, त्यानं मांजर मरतं.

'बोटीत जागा अडते.' बोट येईपर्यंत थांबलं तर अडणारच आणि तिथं माणूसच आधी. पण बोट ही उशीर झालेल्यांसाठी असते. जनावर असलेल्या घरानं आधी, रस्ता चालू असताना निघायचं असतं. २०१९ ला आणि परत २०२१ ला यमगर्णीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता, बंगळूर-पुण्याचा रस्ता बंद, मग टेम्पो कुठनं येणार आणि डॉक्टर कुठनं येणार.

'सरकार भरपाई देतंय.' देतंय, पण किती ते पण लिहा की मेसेजमध्ये. आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ साठीच्या निकषात दुभत्या म्हशीला किंवा गाईला ३७,५०० रुपये, शेळी-मेंढीला ४,०००, आणि घरटी दुभती मोठी जनावरं तीनच धरलेली. चांगली म्हैस बाजारात लाखाला पण मिळत नाही. त्यातनं पंचनामा पाहिजे, म्हैस तुमचीच होती हे दाखवायला पाहिजे, म्हणून कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर आणि जनावराशेजारी उभं राहून काढलेला फोटो आजच मोबाईलमध्ये ठेवा. कुत्र्या-मांजराला तर त्या यादीत जागाच नाही.

राहिलं 'श्रीमंतांचं खूळ'. आमच्या घरच्या तयारीत विकत आणलेलं फार काही नाही. टोमॅटोचे दोन प्लास्टिक क्रेट एकमेकांवर उपडे बांधले की मांजराची पेटी होते. पण ती मे महिन्यापासून घरात उघडी ठेवायची, त्यातच खायला घालायचं, नाहीतर ऐनवेळी मांजर आत जात नाही आणि हात फाडून ठेवतं. नवीन जागी गेल्यावर मांजर मोकळं सोडायचं नाही, ते जुन्या घराकडं निघतंय. कुत्र्याला पट्टा, साखळी, पट्ट्यावर मार्करनं मोबाईल नंबर. तोंड बांधायला जुन्या ओढणीची पट्टी, कारण घाबरलेलं, दुखावलेलं कुत्रं मालकाला पण चावतं, पण ती तेवढ्यापुरतीच, धापा टाकत असेल किंवा ओकत असेल तर बांधायचीच नाही. पाणी १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण लिटरभर, डब्यात वाळवलेली भाकरी, सुकं खाणं, चालू असलेली औषधं. गुरांना कडबा उंचावर ताडपत्रीखाली, कारण भिजून बुरशी आलेली वैरण घातली की आजारी पडतात, आणि पुराच्या दिवसात उसाचं वाडं कोण आणून देणार. कासरे दोन जादा. जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा १०७७ आणि जनावरांच्या ॲम्ब्युलन्सचा १९६२ हे नंबर मोबाईलमध्ये तर आहेतच, भिंतीवर पण खडूनं लिहिलेत, मोबाईल बंद पडतो म्हणून.

यात सगळ्यात महागाची गोष्ट जागा आहे, आणि ती पैशानं मिळत नाही, नात्यानं मिळते. माळावर कुणाचा गोठा रिकामा आहे, कोण चार दिवस कुत्रं ठेवून घेईल, आपण घरी नसताना शेजारची कोणती काकू कुलपाची किल्ली घेऊन जनावर बाहेर काढेल, हे पाऊस नसतानाच विचारायला पाहिजे. आपण कामाला बेळगावात आणि पाणी गावात, असं किती घरांचं होतंय.

आत्याला मी मेसेजवर काही लांबण लावली नाही, फक्त विचारलं की आत्या, बंधारा बुडाला तर तुझ्या म्हशी कुठं जाणार? दिवसभर उत्तर नाही. रात्री फोन आला, म्हणाली तुझ्या मामांशी बोलले, दिरांचं माळावरचं शेड रिकामंच आहे, न्या म्हणालेत, कुत्रं पण तिथंच राहील, वैरणीचं तेवढं बघायला पाहिजे. रविवारी ट्रॅक्टर घेऊन जातोय, कडबा टाकून येतो.