टुरिस्ट व्हिसावर धर्मकार्य : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

परदेशी जाणाऱ्या साधू-संन्यासी, धर्मभगिनी, फादर आणि कीर्तनकार यांच्यासाठी म्हणून लिहिलेला एक संदेश व्हॉट्सॲपवर गटागटांतून फिरत असतो. त्याचा सारांश असा : धार्मिक व्यक्तीला वेगळ्या व्हिसाची गरज नसते, साधा टुरिस्ट व्हिसा काढावा आणि मुलाखतीत ‘फिरायला चाललो आहे’ एवढेच सांगावे, तिकडे मिळणारी दक्षिणा हा पगार नसल्यामुळे ती घ्यायला कोणाची हरकत नसते, दहा वर्षांचा शिक्का मिळाला की दर खेपेस सहा महिने राहण्याचा हक्क मिळतो, दारिद्र्याचे किंवा अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्यांना बँकेचे कागद मागत नाहीत, आणि सगळ्या देशांत हे असेच चालते. ही विधाने निखालस खोटी असती तर खोडणे सोपे होते. अडचण अशी की त्यांतल्या बहुतेकांत सत्याचा थोडा अंश आहे आणि तो जिथे संपतो तिथेच प्रवासी अडकतो. संदेशाचा रोख मुख्यतः अमेरिकेकडे असल्याने आधी तिकडचे नियम पाहू.

वेगळा व्हिसा लागत नाही, हे अर्धेच खरे आहे. अमेरिकेत धार्मिक कार्यकर्त्यांसाठी आर-१ नावाचा स्वतंत्र प्रवर्ग आहे. तो १९९०च्या इमिग्रेशन कायद्याने अस्तित्वात आला. तिथल्या एखाद्या मंदिरात, चर्चमध्ये किंवा मठात नेमणूक घेऊन काम करायचे असेल, तर त्या संस्थेला आधी अमेरिकी इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करावा लागतो, येणारी व्यक्ती त्याच्या लगतपूर्वीची किमान दोन वर्षे त्या पंथाची सदस्य असावी लागते, काम आठवड्याला सरासरी किमान २० तासांचे असावे लागते आणि एकूण मुक्काम पाच वर्षांपलीकडे जात नाही. मात्र थोड्या काळासाठी येणाऱ्या धार्मिक व्यक्तीला हा सारा खटाटोप करावाच लागतो असे नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याने आपल्या वकिलातींसाठी केलेल्या नियमपुस्तिकेत बी-१ या, कामानिमित्त थोडे दिवस येणाऱ्यांच्या व्हिजिटर प्रवर्गातच धर्मकार्यासाठी तीन वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. कोणत्याही एका चर्चची नेमणूक न घेता प्रवचनांचा दौरा करणारे धर्मोपदेशक, ही पहिली. तिथल्या धर्मोपदेशकाशी तात्पुरती अदलाबदल करून येणारे आणि मायदेशातील संस्थेकडूनच वेतन घेत राहणारे, ही दुसरी. आपल्या पंथाच्या वतीने केवळ धर्मप्रसाराचे किंवा सेवेचे काम करण्यासाठी तात्पुरते येणारे सदस्य, ही तिसरी. यांना दीक्षा झालेली असो वा नसो. धर्मशिक्षण देणे, वृद्धांची आणि गरजूंची मदत करणे अशी कामे या तिसऱ्या प्रकारात स्पष्टपणे धरलेली आहेत. कार्यालयीन कामकाज मात्र त्यात येत नाही, आणि पगारी माणसाच्या जागी फुकटचा माणूस म्हणून राबणेही येत नाही. त्यामुळे धर्मसंघाच्या शाळेत कारकुनी सांभाळायला पाठवलेली सिस्टर किंवा देवळाचे नेहमीचे पुजारी रजेवर गेले म्हणून त्यांच्या जागी बोलावलेले गुरुजी या वाटेने जाऊ पाहतील, तर त्यांची गाडी रुळावरून घसरण्याचा संभव मोठा.

एवढे समजल्यावर संदेशातला सर्वांत घातक सल्ला कोणता, हे कळते : ‘फिरायला चाललो आहे म्हणावे’. जे काम उघडपणे सांगून करता आले असते ते लपवायला शिकवणारा हा सल्ला आहे. डीएस-१६० या अमेरिकी व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात प्रवासाचा हेतू विचारलेला असतो आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीच्या खिडकीवर तोच प्रश्न तोंडी येतो. त्यानंतर विमानतळावरचा अधिकारी सामान उघडतो, तेव्हा त्यात सात गावांच्या कार्यक्रमांची पत्रिका आणि यजमान मंडळाचा जाहिरात फलक निघतो, किंवा मंडळाच्या संकेतस्थळावर त्याच व्यक्तीचे छायाचित्र आधीच झळकत असते. व्हिसा मिळवण्यासाठी महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचा निष्कर्ष निघाला, तर अमेरिकी कायद्यानुसार ती व्यक्ती कायमची प्रवेशास अपात्र ठरते. पुढे सवलत मागता येते, पण ती मिळेलच असे नाही. खरे सांगितले असते तर फार तर आणखी दोन प्रश्न विचारले गेले असते आणि निमंत्रणपत्र दाखवावे लागले असते. व्रतस्थ माणसाला खोटे बोलायला सांगणारा हा संदेश ‘रामकृष्ण हरी’ने सुरू व्हावा, यावर काय बोलावे!

आता दक्षिणेकडे वळू, कारण इथे गुंता खरोखरच आहे. ती पगार नव्हे, म्हणून चालते, हा युक्तिवाद नियमांना ठाऊक नाही. पैसे कोण देतो, कशाबद्दल देतो आणि प्रवासी तीनपैकी कोणत्या वाटेने आला आहे, यावर तिथले उत्तर ठरते. प्रवचनांच्या दौऱ्यावर आलेल्या धर्मोपदेशकाचा निर्वाह प्रत्येक सभेत श्रोत्यांनी वाहिलेल्या देणगीवर चालणार, हे नियमपुस्तिकेने गृहीतच धरले आहे. तिथे दक्षिणा चालते. तिसऱ्या वाटेने येणाऱ्यास मात्र देणगी मागण्यास आणि स्वीकारण्यासही मनाई आहे, वस्तू विकण्यासही आहे, आणि राहण्या-खाण्याच्या आनुषंगिक खर्चाची भरपाई किंवा भत्ता सोडून अमेरिकेतून कोणताही मोबदला घेता येत नाही. म्हणजे तोच पाचशे डॉलरचा लिफाफा एका प्रवाशासाठी नियमात बसतो आणि दुसऱ्यासाठी नियमभंग ठरतो. आश्रमाची पुस्तके आणि जपमाळा बॅगेतून नेऊन सत्संगानंतर मांडणाऱ्यांनी विक्रीवरची ही मनाई विशेष ध्यानात ठेवावी.

आपल्या कीर्तनकारांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. महाराष्ट्र मंडळाने देवळाच्या सभागृहात विनामूल्य ठेवलेले कीर्तन आणि त्याच मंडळाने तिकीट लावून ठेवलेला अभंगांचा कार्यक्रम या दोन गोष्टी व्हिसा अधिकाऱ्याच्या दृष्टीने एक नाहीत. पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकांसमोरचे व्यावसायिक सादरीकरण बी (म्हणजे बी-१ किंवा बी-२) व्हिसावर करता येत नाही, हे अमेरिकी परराष्ट्र खाते आपल्या माहितीपत्रकातच सांगते. अशा सांस्कृतिक सादरीकरणासाठी पी-३ हा वेगळा प्रवर्ग आहे. त्यामुळे टाळ-मृदंग घेऊन गेलेल्या साथीदारांना तिकिटाच्या कार्यक्रमात बसवताना आयोजकांनी आधी आपल्या वकिलाला विचारणे शहाणपणाचे ठरेल. संदेशात ‘पाच ठिकाणी मानधन चालते’ असेही एक वाक्य आहे. त्याचे मूळ १९९८च्या एका कायद्यात असावे : बी व्हिसावर आलेल्या व्यक्तीला एका संस्थेत नऊ दिवसांपेक्षा जास्त नाही आणि सहा महिन्यांत पाचांहून अधिक संस्थांकडून नाही, या मर्यादेत मानधन घेता येते. परंतु ही सवलत विद्यापीठे आणि ना-नफा किंवा सरकारी संशोधन संस्था यांच्यातील शैक्षणिक कार्यापुरती आहे. एखाद्या विद्यापीठात संतसाहित्यावर व्याख्यान द्यायला गेलेल्या अभ्यासू स्वामींना तिचा लाभ मिळू शकेल; देवळातल्या सप्ताहाला मिळणार नाही.

दहा वर्षांच्या शिक्क्याविषयीचा गैरसमज धार्मिक प्रवाशांपुरता मर्यादित नाही, पण त्यांना तो अधिक महागात पडतो. पासपोर्टवरील व्हिसाची मुदत म्हणजे अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्याच्या परवानगीची मुदत. आत किती दिवस राहायचे, हे दारावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत येते. पर्यटनासाठीच्या बी-२ प्रवर्गात सहसा सहा महिने मिळतात. बी-१ मध्ये कामापुरती मुदत दिली जाऊ शकते. त्या तारखेनंतर थांबल्यास तो दहा वर्षांचा व्हिसाच रद्दबातल होतो. १८० दिवसांपेक्षा अधिक काळ बेकायदा राहून परतल्यास तीन वर्षांची आणि एक वर्ष किंवा त्याहून अधिक राहिल्यास दहा वर्षांची प्रवेशबंदी लागते. गंमत अशी की मुदतवाढीच्या बाबतीत धर्मकार्य करणाऱ्यांना नियमांनी खरोखरच झुकते माप दिले आहे : इतर व्हिजिटरना एका वेळी जास्तीत जास्त सहा महिन्यांची वाढ मिळते, तर पंथाच्या वतीने केवळ धर्मप्रसारासाठी आलेल्यांना, देणगी आणि विक्री न करण्याच्या त्याच अटीवर, एका वेळी एक वर्षापर्यंतची वाढ देता येते. ‘फिरायला आलो’ असे सांगून आत शिरलेल्याला ही सवलत मागायला तोंड उरत नाही.

बँकेच्या कागदांचा मुद्दा धर्मसंघांच्या जिव्हाळ्याचा आहे. वसईतल्या किंवा गोव्यातल्या सिस्टरच्या नावावर मिळकत, घर, शेत काहीच नसते, मूलबाळ नसते, आणि नेमक्या याच गोष्टींवरून अर्जदार परत येईल की नाही याचा अंदाज अधिकारी बांधत असतो. अमेरिकी कायद्यात प्रत्येक व्हिजिटर अर्जदार हा स्थायिक होण्याच्या इराद्याने आला आहे असे गृहीत धरून, तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे. भगवी छाटी किंवा ननचा पोशाख यांमुळे ती जबाबदारी हलकी होत नाही. व्रतामुळे कागद कमी लागत नाहीत; फक्त ते दुसऱ्याच्या नावाचे असतात. प्रोव्हिन्शियल (धर्मसंघाच्या प्रांताचे प्रमुख), मदर सुपिरियर किंवा मठाधिपती यांचे पत्र इथे खरे कामाचे. ही व्यक्ती किती वर्षांपासून संघाची सदस्य आहे, तिने कोणती व्रते घेतली आहेत, तिचा खर्च कोण उचलणार, तिकडे ती कोणाकडे उतरणार, काय करणार, कोणत्या तारखेला परतणार आणि परतल्यावर कोणती जबाबदारी तिची वाट पाहत आहे, हे त्यात स्पष्ट असावे. सोबत संस्थेचे नोंदणीपत्र आणि संस्थेच्या खात्याचा तपशील जोडावा. ‘या पूज्य व्यक्तीस सर्वतोपरी सहकार्य करावे’ अशा मजकुराचे पत्र कितीही मोठ्या शिक्क्याचे असले तरी यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही.

सर्व देशांत असेच चालते, हे विधान तर काही मिनिटांतच कोसळते. ब्रिटनमध्ये परदेशात कार्यरत असलेल्या धार्मिक व्यक्तीला स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर प्रवचन देण्यास आणि पौरोहित्याच्या स्वरूपाचे धर्मकार्य करण्यास उघड परवानगी आहे, मात्र तिथे पद किंवा नेमणूक स्वीकारता येत नाही. मठात राहून काम करायचे असेल तर दोन वर्षांपर्यंतचा रिलिजिअस वर्कर व्हिसा वेगळा आहे. कॅनडात लोकांना धार्मिक मार्गदर्शन करणाऱ्याला, प्रवचन आणि उपासना हेच त्याचे मुख्य काम असेल तर, वर्क परमिटशिवाय काम करता येते, पण भारतीयाला प्रवेशाचा व्हिसा लागतोच. ऑस्ट्रेलिया धर्मकार्यासाठी ४०८ या व्हिसाच्या उपवर्गाकडे पाठवते. रोमला जाणाऱ्यांसाठी इटलीचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा) लागतो, कारण व्हॅटिकनचा रस्ता इटलीतूनच जातो. तिथे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा व्रतस्थांनाही लागू आहे, ३०,००० युरोंचा प्रवास विमा त्यांनाही काढावा लागतो, आणि ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या संगणकीय नोंदीमुळे दिवसांची मोजणी आता शिक्क्यांवर अवलंबून राहिलेली नाही. आपला देशही याला अपवाद नाही. भारतात धर्मप्रसारासाठी येणाऱ्यांना मिशनरी व्हिसा घ्यावा लागतो, आणि एप्रिल २०२० मध्ये टुरिस्ट व्हिसावर येऊन तबलिगी कार्यात भाग घेतल्याच्या कारणावरून केंद्रीय गृहमंत्रालयाने ९६० परदेशी नागरिकांना काळ्या यादीत टाकले होते.

संदेशाच्या शेवटी दोन किरकोळ गोष्टी आहेत. धार्मिक शिरोवस्त्र काढल्याशिवाय छायाचित्र चालत नाही, हे चूक आहे. रोज धार्मिक कारणासाठी वापरले जाणारे शिरोवस्त्र अमेरिकी व्हिसाच्या छायाचित्रात चालते, पूर्ण चेहरा दिसला की झाले. चष्मा मात्र २०१६ पासून काढावा लागतो. संन्याशाला वडिलांच्या नावाशिवाय पासपोर्टच मिळत नाही, हेही चूक. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केलेल्या बदलांनुसार साधू-संन्याशांना आई-वडिलांच्या जागी गुरूचे नाव देता येते. अट एवढीच की मतदार ओळखपत्र, पॅन किंवा आधार यांसारख्या किमान एका सार्वजनिक कागदपत्रात पालकांच्या रकान्यात तेच गुरुनाव असले पाहिजे. म्हणून नाव बदललेल्यांनी आधी ते कागद जुळवून घ्यावेत आणि मगच व्हिसाच्या अर्जाला हात घालावा.