‘ओटीपी नुसता देखावा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

इंदूरच्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ओटीपी नुसता देखावा आहे, चोर त्याच्याशिवायच पैसे काढतात, अनोळखी फोन उचलला तरी ओटीपी पळवला जातो, रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२६ पासून तो बंदच केलाय, आणि पैसे गेले तर बँकेला ते परत द्यावेच लागतात. रामबागेत आमच्याच बिल्डिंगमधले एक आजोबा हे वाचून म्हणाले, “मग लपवायचा तरी कशाला?” ते ऐकलं आणि काळजीच वाटली.

आधी ‘देखावा’. कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे हे सगळं कार्डावरच छापलेलं असतं. ते कोणीही टिपून घेऊ शकतं. म्हणूनच ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने देशातल्या ऑनलाइन कार्ड-व्यवहारांना, कार्डावर नसलेल्या माहितीची आणखी एक खातरजमा सक्तीची केली. पुढे ओटीपी हीच तिची रूढ पद्धत झाली. सहा आकड्यांचे दहा लाख पर्याय होतात, चुकीचे प्रयत्न मोजकेच करता येतात आणि काही मिनिटांत तो आकडा बाद होतो. अंदाजाने जमण्यासारखं हे काम नाही, म्हणून चोर आपल्यालाच फोन करतो.

शेजारच्या काकूंना मागच्या महिन्यात ‘गॅसची केवायसी अडलीय’ असा फोन आला. फोन कानाला, चष्मा कपाळावर, अशा त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “अरे, तो नंबर वाचून दाखव जरा, साहेब थांबलेत.” एसएमएस उघडला. सहा आकडे होतेच, पण त्यांच्यापुढे ३८,४९९ रुपये आणि एका मोबाइलच्या दुकानाचं नाव होतं. मी त्यावर बोट ठेवलं. काकूंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, दोनदा वाचलं आणि फोन कापला. ओटीपी ठरावीक व्यवहारापुरता असतो. रक्कम आणि दुकान बहुधा मेसेजमध्येच लिहिलेलं असतं. आपण आकड्यांवर थांबतो, पुढचं वाचतच नाही.

फोन नुसता उचलल्याने ओटीपी जात नाही. मात्र “आता दुसरा कॉल येईल, तो जोडून घ्या” असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. तो दुसरा कॉल ओटीपी बोलून सांगणारा असू शकतो, आणि जोडला की तो भामट्यालाही ऐकू जातो. स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतात तेही याचसाठी.

मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धी खरी आहे. काही व्यवहारांना ओटीपी लागतच नाही: आधार आणि अंगठ्याने काढलेले पैसे, ५,००० रुपयांपर्यंत कार्ड नुसतं टेकवून केलेला खर्च, कित्येक परदेशी वेबसाइटवरची खरेदी. पण तिथे ओटीपी हरला असं कसं म्हणणार? तो विचारलाच गेला नाही. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं. कार्डाचा परदेशी आणि टेकवून होणारा वापर बँकेच्या ॲपमधून बंद ठेवता येतो. आईबाबांच्या फोनवर एवढं आजच करून द्या.

एप्रिल २०२६ चं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेचा तो नियम सप्टेंबर २०२५ मध्ये आला, लागू १ एप्रिल २०२६ पासून. दोन वेगवेगळ्या खातरजमा हव्यातच, एसएमएसच्या ओटीपीशिवाय इतर मार्गही चालतील, असं त्यात आहे. ओटीपीवर बंदी त्यात कुठेही नाही.

आणि भरपाई. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक आपलीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास आपल्यावर भार येत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून ‘हे पोरांना कसं सांगू’ या संकोचात वेळ घालवू नका. बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, तक्रारीचा नंबर कागदावर लिहून घ्या.