पडवळ कोणाला हवंय?

मंडईत गेलं की मन कसं प्रसन्न होतं, हिरव्यागार जुड्या बघून डोळे निवतात, अशा पोस्टी हल्ली फार वाचतोय. लिहिणाऱ्यांच्या हातात पाच किलो कांदे नसावेत असा माझा दाट संशय आहे.

मला घरची खरेदी आवडत नाही. पुस्तकं घ्यायला पाठवा, दिवसभर रमेन. पण भाजी, किराणा, फिनेल, केरसुणी ह्यांच्यासाठी रविवारची सकाळ घालवायची म्हटलं की शनिवारी रात्रीच कपाळावर आठ्या येतात. आईचे गुडघे गेले तेव्हापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, हे खातं माझ्याकडे आहे.

पिशव्या उचलण्याबद्दल तक्रार नाही. मिनर्वा नाहीतर आर्यनच्या वाहनतळात गाडीला जागा मिळेपर्यंत अर्धा उत्साह संपतो, तेही चालवून घेतो. मला छळते ती परीक्षा. भेंडीचं टोक मोडून बघू लागलो की भाजीवाल्या मावशी ओरडतात, "ओ दादा, मोडायची नाही!" न मोडता आणली तर घरी आई म्हणते, "निबर आहे. मोडून नाही का बघितलीस?" दुधीला नख लावायचं तर मावशींची नजर चुकवून. नारळ कानाशी धरून हलवतो, पाणी वाजल्यासारखं तोंड करतो, आणि तो खवट निघतो.

किराण्याचं दुखणं वेगळं. पूर्वी वाण्याकडे यादी टाकली की संध्याकाळी पोऱ्या सामान आणून द्यायचा, हिशोब वहीत. आता मोठ्या दुकानात ढकलगाडी घेऊन आपणच पोऱ्या व्हायचं. तेलाच्या दोन पिशव्या दिसायला जुळ्या, एक वीस रुपयांनी स्वस्त. खूश होऊन उचलावी तर कोपऱ्यात बारीक अक्षरात ८०० ग्रॅम. लीटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे स्वस्ताई कुठून आली ते कळलंच. एका ग्रॅमला किती पैसे पडले तेही छापलेलं असतं, पण ते वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा गाडीच्या डिकीत.

'मागव ना घरबसल्या' हा सल्ला कॉमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच सांगतो. करून झालंय. कोथिंबिरीची जुडी आली ती चार काड्यांची, नि आईने ती देवघरातल्या फुलासारखी चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली.

गंमत म्हणजे पुण्याची मंडई बांधायचं घाटत होतं तेव्हा नगरपालिकेत जोतीरावांनी त्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. तेव्हाचं रे मार्केट पुढे त्यांच्याच नावाने महात्मा फुले मंडई झालं. त्यांचं कारण थोर होतं, माझं क्षुद्र आहे, पण दर रविवारी त्या अष्टकोनी मनोऱ्याखाली उभा राहून मी मनातल्या मनात त्यांच्या बाजूने हात वर करतो.

एकदा आईला विचारलं, तुला आवडायचं का गं हे? चाळीस वर्षं केलंस. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "तुझ्या आजोबांना गवार लागायची, ती शोधत मी फिरायचे. त्यात आवड कुठे आली?" मान वर न करता. मला चाळीस वर्षांत हे विचारावंसं वाटलं नव्हतं. आणि मी मात्र सहा वर्षांत पोस्ट लिहून मोकळा झालोय, ते तिला कोणी वाचून दाखवू नये ही विनंती.

तेव्हा प्रसन्नबिसन्न होण्याची अट कृपया घालू नका. काम आहे, करतो. कुरकुरत करतो. कुरकुरत आणलेल्या भेंडीची भाजी तेवढीच चांगली होते, निदान कोवळी असेल तर.

एवढं लिहीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर यादी आलीच. मेथी दोन जुड्या, आलं, लिंबं, कढीपत्ता (पुढे लिहिलंय: 'मागून घे, विकत नको'), आणि पडवळ. आमच्याकडे पडवळ कोणीही खात नाही. फोन केला तर म्हणते, "बरेच दिवसांत आणलं नाही, म्हणून."