२५ मित्रांचं कुंपण आणि टिंबाचा उतारा

दर दोन-चार महिन्यांनी फेसबुकवर तोच मजकूर कुणाच्या तरी भिंतीवर पुन्हा उगवतो. मथितार्थ असा: फेसबुकने अल्गोरिदम बदललाय, तुमच्या पोस्ट आता फक्त २५ (कधी २६) मित्रांनाच दिसतात, हे वाचलंत तर कमेंटमध्ये काहीही टाका, नुसतं टिंबही चालेल, मग मजकूर कॉपी करून आपल्या भिंतीवर लावा, शेअर करू नका. हल्ली त्याला शेपूटही फुटलंय: हॅशटॅग भरपूर लावा आणि पोस्टमध्ये लिंक देऊ नका. मध्यंतरी हे सगळं माझ्या एका चांगलं लिहिणाऱ्या मित्राने लावलं, म्हणून एकेक घेतो.

‘फक्त २५ जणांना दिसतं.’ असा कोटा नाही. २०१९ मध्ये फेसबुकने तसा जाहीर खुलासाही केला होता. गाळणी मात्र आहे आणि ती जुनीच आहे. एका माणसाने एकदा फीड उघडलं की त्याला दाखवता येतील अशा सरासरी १,५०० गोष्टी रांगेत असतात, असं कंपनीने २०१३ मध्येच सांगितलं होतं. एवढं कोण वाचणार? म्हणून आधीच्या सवयी बघून रांग लावली जाते: तुम्ही कुणाच्या पोस्टवर थांबता, कुणाला उत्तर देता, कुणाला न बघता पुढे सरकवता. ही रांग वाचणाऱ्याच्या बाजूला लागते, लिहिणाऱ्याच्या नाही. एकाच्या रांगेत तुम्ही पहिले असता, दुसऱ्याच्या रांगेत चारशेवे, आणि चारशेपर्यंत कुणाचा अंगठा पोचत नाही.

‘नवा अल्गोरिदम’, म्हणजे कुणाला काय दाखवायचं ते ठरवणारी नवी गाळणी. जानेवारी २०१८ मध्ये झुकरबर्गने मोठा बदल जाहीर केला तो खरा, पण तो मित्र आणि घरच्यांच्या पोस्ट वर आणण्यासाठी होता. फटका बसला तो पेजेसना, म्हणजे कंपन्या, ब्रँड, बातम्यांच्या पानांना.

‘टिंब टाका, मग मी दिसू लागेन.’ मजकूर टिकून आहे तो या वाक्यामुळे, कारण उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. मित्राच्या पोस्टखाली साठेक कमेंट आल्या: टिंबं, ‘हजर’, ‘दिसतोयस रे’, गुलाबाची फुलं. गडी खूश. दोन दिवसांनी त्याने मेहनतीने लिहिलेला लेख टाकला, तर नऊ लाइक आणि दोन कमेंट. त्या दोन्ही कमेंट टिंबवाल्यांपैकीच. यात आश्चर्य काय? ज्यांच्या रांगेत तो आधीच वर होता, त्यांनाच टिंबाची विनंती दिसली. ज्याच्याकडे तो चारशेवा होता, त्याला विनंतीच पोचली नाही. वर्गात ‘गैरहजर असलेल्यांनी हात वर करा’ म्हणण्यातला हा प्रकार. शिवाय ‘लाइक करा, कमेंट करा’ म्हणून हात पसरणाऱ्या पोस्टना खाली ढकलणार, हे फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच सांगून ठेवलंय.

‘कॉपी करा, शेअर करू नका.’ यात फायदा कुणाचा ते बघा. शेअर केलेली पोस्ट मूळ पोस्टला बांधलेली असते. मूळ उडालं की तिच्यातला मजकूरही गेला. कॉपी स्वतंत्र जगते आणि पहिली कुणी लिहिली ते शोधणं अवघड होऊन बसतं. म्हणजे सोय त्या मजकुराची झाली, तुमची नाही. आणि आपली कविता कुणी नाव काढून फिरवली की आठवडाभर संतापणारी माणसं हेच बिनानावाचं कॉपी-पेस्ट हौसेने करतात, हे मला कधी कळलेलं नाही.

हॅशटॅगचं थोडक्यात: इन्स्टाग्रामवर वर्षानुवर्षं ३० लावता यायचे, पण २०२१ मध्ये खुद्द इन्स्टाग्रामनेच ३ ते ५ पुरेत असा सल्ला दिला. विषय काय आहे ते सांगणारी ती चिठ्ठी आहे. तीस चिठ्ठ्या लावल्या तर विषय तीसपट होत नाही.

लिंकबद्दल मात्र मजकुरात तथ्य आहे, निदान एक्सपुरतं (पूर्वीचं ट्विटर), ते कबूल करतो. लोक एक्सवर जास्त वेळ राहावेत असा अल्गोरिदमचा प्रयत्न असतो, त्यामुळे लिंकना कमी लक्ष मिळतं, हे एक्सचा मालक मस्कने २०२३ मध्ये उघड सांगितलं. पण त्यावर ‘लिंक पहिल्या कमेंटमध्ये’ हा तोडगा मला पटत नाही. वाचणारा शंभर कमेंटींत लिंक शोधत बसेल, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. मी लेखातले सगळ्यात दमदार दोन परिच्छेद पोस्टमध्येच पूर्ण देतो आणि लिंक खाली ठेवतो. कुणी लिंक उघडली नाही तरी त्याने काहीतरी वाचलेलं असतं.

मित्राच्या त्या मजकुराखाली मी टिंब टाकलं नाही. त्याच्या लेखाखाली गेलो आणि दुसऱ्या परिच्छेदातलं काय पटलं नाही ते सहा ओळींत लिहिलं. रात्री त्याचं उत्तर आलं. लेखापेक्षा लांब आणि बरंच चिडलेलं. सकाळपर्यंत आणखी तिघं त्यात पडले होते; त्यातल्या एकानेही आदल्या आठवड्यात टिंब टाकलेलं नव्हतं.