कारकुनांची घाई

आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर मोडी लिपीवरून पुन्हा जुंपली आहे. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून जुने मोडी कागद वाचणाऱ्यांना मागणी आली, तेव्हा कोणीतरी सुचवलं की मोडी शाळेत शिकवा. त्यावर एका मित्राचं उत्तर: "मोडी म्हणजे कारकुनांची गिचमीड. घाईत खरडायची सोय. गेली ते बरंच झालं. खरी लिपी बाळबोध, आपली देवनागरी." धडाधड अंगठे पडले. मी इथे चीनमध्ये, शीआन शहरात ते वाचलं आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

कारकुनांची घाई हा दोष धरला, तर चिनी सुलेखनातलं अर्धंअधिक वैभव बाद करावं लागेल. इ.स.पू. 221 मध्ये चीनचा पहिला बादशहा छिन शी ह्वांग याने देश एका अमलाखाली आणला आणि त्याचा मंत्री ली स्सू याने मुद्रालिपी प्रमाण ठरवली. एकसारख्या जाडीच्या, गोलाईदार रेषा, दगडावर देखण्या. पण रोजचे हुकूम उतरवणाऱ्याने ती गोलाई कधी काढत बसायची? 1975 मध्ये हूपेइ प्रांतात श्वेइहूदी इथे त्याच काळातल्या एका स्थानिक अधिकाऱ्याची कबर सापडली. त्याच्यासोबत हजारावर बांबूच्या पट्ट्या पुरलेल्या होत्या, त्यांत मुख्यतः कायदेकानू. त्यांवरची गोलाई मोडून सरळ आणि कोनदार झालेली आहे. बादशहा मुद्रालिपीत शिलालेख कोरून घेत होता, त्याच पिढीत त्याचे कारकून दुसरं वळण रुळवत होते. पुढच्या हान राजवटीत तेच दरबारी वळण झालं.

इथल्या बेइलिन संग्रहालयात 185 सालचा छाओ छ्वान शिलालेख आहे. त्यातली एक आडवी रेघ जवळून पाहावी. सुरुवात गोलसर, मध्ये सडपातळ, शेवट वर उचललेला. इथले लोक म्हणतात, डोकं रेशीमकिड्याचं, शेपटी रानहंसाची. आणि एका अक्षरात ती शेपटी एकदाच काढायची, दुसऱ्या रेघेला नाही. कचेरीतल्या घाईतून निघालेल्या अक्षराला एवढी शिस्त आणि एवढा डौल आला, कारण लोकांनी ते टाकून न देता पिढ्यान् पिढ्या घोटलं.

माझ्या मित्राचा आक्षेप इथेही घेतला गेला होता. दुसऱ्या शतकात चाओ यी नावाच्या विद्वानाने धावत्या लिपीविरुद्ध निबंधच लिहिला. ही ना आकाशाने दिली, ना ऋषींनी घडवली. लढायांच्या धामधुमीत खलिते झटपट लिहायला निघालेली ही सोय, आणि लोक तिच्यापायी दहा दिवसांत एक ब्रश झिजवतात, बाह्या काळ्या, ओठ-दात काळे. लोकांनी ऐकलं नाही. पुढे त्याच ओघातून थांग राजवटीतला सुलेखनकार ह्वायसू झाला, ज्याची अक्षरं वाचण्याआधी डोळ्यांपुढून धावतात. 1956 मध्ये सरकारने अक्षरं सोपी केली, तेव्हाही कित्येक रूपं याच धावत्या लिपीतून उचलली. पुस्तकासाठीचं 'शू' हे अक्षर दहा रेघांचं होतं, ते चार रेघांवर आलं.

मोडीत तरी वेगळं काय आहे? आधी शिरोरेघा ओढून घ्यायच्या, मग बोरू शक्यतो न उचलता त्यांच्याखाली अक्षरं गुंफत जायची. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही, शब्दांत जागा सोडायची नाही. शिवकालीन वळण वेगळं, पेशवेकालीन वेगळं. चिटणिशी, बिवलकरी अशी घराण्यांची नावं. सुलेखनाची परंपरा आणखी कशाला म्हणतात? पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत आणि ते वाचू शकणारी माणसं फार थोडी.

मित्र पुढे म्हणाला, "तिकडे बसून बोलायला तुझं काय जातंय?" हे मात्र लागलं. माझी मुलगी इथल्या शाळेत थांग काळातल्याच यान चनछिंग या सुलेखनकाराचे कित्ते गिरवते: उभ्या रेघा जाड, आडव्या बारीक. ज्या शिळेवरून ते कित्ते आले, ती 752 सालची, आणि बेइलिनमध्ये आम्ही तिच्यासमोर उभे राहून आलो आहोत. मराठी ती अडखळत वाचते. मी इथे मरेपर्यंत लाओवाय, म्हणजे परदेशीच राहणार, आणि गावी गेलो की चुलतभाऊ मला खुर्ची देतात, स्वतः ओट्यावर बसतात. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, पण ती जमीन आमच्याकडे कशी आली ते सांगणारं पणजोबांचं खत मोडीत आहे. वाटणीच्या वेळी ते बाहेर काढलं तेव्हा घरातल्या एकालाही वाचता येईना. गावात राहिलेल्यांनाही नाही आणि मलाही नाही. शेवटी तालुक्याहून पैसे देऊन माणूस आणला. त्या कागदापुढे आम्ही सगळे सारखेच परके होतो, म्हणून बोलायचा हक्क मी सोडणार नाही.

मोडीत दुकानांच्या पाट्या लावा, असं माझं म्हणणं नाही. बाळबोध माझीही लिपी आहे, हे मी तिच्यातच लिहितोय. पण सातवी-आठवीत इतिहासाच्या तासाला आपल्याच तालुक्यातलं एखादं जुनं खत मुलांना वाचता यावं, एवढी मोडी शिकवा. एका वर्षात होण्यासारखं काम आहे.