६५० वरून ३५० वर: ॲव्हरेजचा आठ महिन्यांचा हिशेब

गेल्या दिवाळीत मी रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६५० ही मोटरसायकल विकून त्याच कंपनीची हंटर ३५० घेतली आणि तेव्हापासून भेटणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो. रावेरकडे बागेच्या बांधावर उभे असलेले शेतकरीही तोच विचारतात, "कितलं ॲव्हरेज देस भाऊ?" मी छत्तीस म्हणून सांगतो आणि समोरच्याचा चेहरा उतरतो. इंजिन जवळपास निम्मे झाले, म्हणजे पेट्रोलही निम्मेच लागले पाहिजे, अशी त्यांची अपेक्षा असते. गाडी बदलताना माझीही अपेक्षा तीच होती, म्हणूनच हा हिशेब सविस्तर मांडावासा वाटला.

केळीच्या बागांना खत-पाण्याचा सल्ला देण्याचे माझे काम आहे. जळगावहून भुसावळ, फैजपूर, सावदा, रावेर असे फिरणे आणि महिन्यातून एखाद-दोन वेळा धुळे धरले, तर महिन्याला साधारण १,२०० किलोमीटर होतात. मोजण्याची पद्धत मी दोन्ही गाड्यांना एकच ठेवली. ठरलेला पंप, सकाळी सातच्या आतली वेळ, गाडी साइड स्टँडवर न कलता सरळ उभी, आणि नोझल आपोआप बंद झाल्यावर त्यात एक थेंबही वाढवायचा नाही. दोन्ही गाड्यांच्या मुख्य आकड्यांसाठी एका टाकीवरून निष्कर्ष काढला नाही; सलग तीन टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर एकत्र करून भागाकार केला. जुन्या गाडीचे अखेरच्या महिन्यांतले ॲव्हरेज २४ भरले आणि नवीचे ३६.

आता हे बारा किलोमीटर कमी वाटतात, कारण आपण ॲव्हरेज लिटरमागे किलोमीटर असे मोजतो. तोच हिशेब महिन्याला किती लिटर लागले, असा मांडून पाहावा. चोविसाने मला महिन्याला ५० लिटर लागत होते, छत्तीसने ३३ लिटरच्या थोडे वर लागतात. वाचले पावणेसतरा लिटर. १०५ रुपये भाव धरला, तर साडेसतराशे रुपये. आता समजा, मी छत्तीसवरून आणखी लहान, ४८ देणाऱ्या गाडीवर गेलो. वाढ पुन्हा बाराचीच, पण वाचणार फक्त आठ-सव्वाआठ लिटर, म्हणजे आधीच्या निम्मे. मोठी गाडी सोडून मधल्या गाडीवर येण्यात जो फायदा आहे, तो त्याच्या पुढच्या पायरीवर नाही, आणि म्हणूनच चेहरा पाडण्यासारखे यात काही आहे, असे मला मुळीच वाटत नाही.

मग पेट्रोल निम्मे का होत नाही? कारण वाऱ्याला इंजिनाचे सीसी कळत नाहीत. ताठ बसलेला तोच माणूस, तेच हेल्मेट, तीच पाठीवरची बॅग. ताशी ७५ च्या वेगाने जाताना हवेचा अडथळा दोन्ही गाड्यांना जवळपास सारखाच असतो आणि तो कापायला दहा अश्वशक्तीच्या आतच ताकद लागते. ६४८ सीसीचे, दोन सिलिंडरचे, ४७ अश्वशक्तीचे इंजिन त्या वेळी थ्रॉटल, म्हणजे हवा आत घेणारी झडप, जेमतेम उघडून चालत असते आणि अर्धवट बंद वाटेतून हवा ओढण्यातच त्याची बरीच शक्ती वाया जाते. ३४९ सीसीचे, वीस अश्वशक्तीचे इंजिन त्याच वेगाला थ्रॉटल जास्त उघडून, आपल्या आवाक्यातले काम करत असते. बचत होते ती इथे. शहरात आकाशवाणी चौक आणि अजिंठा चौफुलीवर थांबत-निघत जाताना दोनशेहून जास्त किलोऐवजी १८१ किलोची गाडी उचलावी लागते, तिथेही ती होते.

मात्र हायवेवर ३५० सतत शंभरने पळवली, तर ही बचत झपाट्याने आटते. ७५ वरून १०० वर गेले, की हवेचा अडथळा जवळजवळ पावणेदोन पट होतो. मी एक संपूर्ण टाकी मुद्दाम तशी चालवून पाहिली आणि ॲव्हरेज २९ वर आले. जुन्या गाडीच्या सवयी नव्या गाडीवर आणल्या, तर निम्मा फायदा तिथेच गेला.

आपल्या भागात यात खऱ्या वाऱ्याचीही भर पडते. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. मे-जूनमध्ये दुपारी एरंडोल, पारोळा करत धुळ्याकडे निघाले, की पश्चिमेचा वारा सरळ छातीवर येतो. स्पीडोमीटर ७५ दाखवतो, पण हवेच्या लेखी आपण पंचाण्णवने जात असतो. मला जाताना ३२ आणि परतताना ४० मिळाले आहे. त्यामुळे धुळ्याहून घरी येऊन कोणी चाळीसचा आकडा सांगितला, तर त्याला जातानाचा आकडाही जरूर विचारावा.

ॲव्हरेजच्या जुन्या नोंदींशी तुलना करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पंपावरच्या पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमध्ये लिटरमागे शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २०२२ मध्ये देशातले मिश्रण १० टक्क्यांवर होते, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेले. नुसत्या ऊर्जेच्या हिशेबाने ॲव्हरेजमध्ये साडेतीन टक्क्यांच्या आसपास घट आली. माझी जुनी गाडी २०२१ मध्ये २६ देत होती. तो आकडा नव्या गाडीच्या छत्तीसशी ताडून पाहणे योग्य होणार नाही, म्हणून मी ताडला नाही.

मार्चमध्ये अचानक सलग दोन टाक्या ३१ ची सरासरी आली. सर्व्हिसिंग नुकतेच झाले होते, पेट्रोलवर संशय घेणे सोपे होते. ओळखीच्या मेकॅनिकने गाडी स्टँडवर घेऊन न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवले, तर ते अर्धा फेराही पूर्ण न करता थांबले. मागच्या ब्रेकचे पॅड डिस्कला घासत होते; पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिनांवर धूळ आणि वाळलेल्या ग्रीसचा काळा थर बसला होता. त्या साफ करून, नवे ग्रीस लावून, चेन जरा सैल केल्यावर तेच चाक अडीच-तीन फेरे फिरले. पुढच्या टाकीला ॲव्हरेज पुन्हा पस्तीसच्या वर आले. बागेच्या वाटांवरची धूळ अंगावर घेणाऱ्या प्रत्येक गाडीचे चाक महिन्यातून एकदा असे फिरवून पाहायला हवे, असे माझे ठाम मत झाले आहे. टायरमधली हवा तर दर आठवड्याला, आणि तीही टायर थंड असताना, तपासली पाहिजे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला, त्यामुळे मधली गाडी घेणाऱ्याला आता किमतीचाही आधार आहे. तरीही माझा मेहुणा परवा त्याची ६५० विकण्याविषयी विचारत होता, तेव्हा मी त्याला थांबवले. त्याची गाडी महिन्याला जेमतेम तीनशे किलोमीटर चालते. त्याचे महिन्याला चार लिटर, म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे रुपये वाचतील, आणि विक्रीत बसणारा फटका भरून यायला कित्येक वर्षे जातील. त्याने आधी मागचे चाक हाताने फिरवून पाहावे, असे मी त्याला सांगितले आहे.